ठाण्यावरून चीनला गेलेला साधु

मध्ययुगांत युरोपांतून मोंगलांच्या मुलखांत जे प्रवासी गेले, त्यांपैकीं एकाची वाट आपल्या कोंकणांतून गेली होती, ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांस नवी वाटेल. इटलींतील पोर्देनोने येथील ओडोरिक हा फ्रान्सिस्कन संप्रदायाचा साधु होर्मुझ बंदराहून २८ दिवसांत ठाण्यास उतरला. देवगिरीचें यादवराज्य तेव्हां नुकतेंच लयास जाऊन ठाण्यावर दिल्लीच्या सुलतानाचा अंमल बसला होता, आणि इ. स. १३२१ च्या एप्रिलांत ओडोरिकाच्याच संप्रदायाच्या चौघांस काजीसमोर झालेल्या धर्मवादांतून तेथें प्राणांस मुकावें लागलें होतें. त्यांच्या अस्थि ओडोरिकानें बरोबर घेतल्या व मलबारमार्गें थेट चीनपर्यंत नेऊन आपल्या बांधवांच्या हवालीं केल्या.

ठाण्यास कुत्र्याएवढे उंदीर असतात, मांजराचें त्यांच्यापुढें कांहीं चालत नाहीं, म्हणून लोक कुत्र्यांकडून त्यांची शिकार करवितात, असें तो सांगतो. परदेशीं ही थाप वाटल्यास नवल नाहीं; पण ज्याच्या कणगीखालीं घुशीनें पोखरलें आहे तो मराठी वाचक हंसणार नाहीं. आकार थोडा फुगविला आहे, इतकेंच.

हीच कसोटी त्याच्या मोंगल वर्णनास लावावी. आजच्या पेकिंगच्या जागीं असलेल्या खानबालिक राजधानींत तो ३ वर्षें होता. विवाहित मोंगल स्त्रिया डोक्यावर माणसाच्या पावलासारखें दीड हात उंच शिरोभूषण घालतात, हें त्याचें म्हणणें विचित्र खरें. परंतु १३व्या शतकांत मोंगलांकडे जाऊन आलेल्या विल्यम रुब्रुकनेंहि अशाच उंच शिरोभूषणाचें वर्णन केलें आहे. खानाच्या टपालाचे धांवपे कमरेस घंटांचा पट्टा बांधीत. तो नाद ऐकतांच पुढल्या चौकीवरचा गडी सज्ज होई. खंबाटकी घाटाच्या पायथ्याशीं राहणाऱ्या आम्हांस जुन्या हरकाऱ्याची घुंगरांची काठी ठाऊक असल्यामुळें यांत अशक्य असें कांहींच दिसत नाहीं.

उलट, ज्यांतून कोंकरूं निघतें अशा फळाची गोष्टहि त्याच्या वृत्तांतांत आहे. मात्र ती आपण ऐकलेली आहे, पाहिलेली नव्हे, हें तो स्वतःच सांगतो. हा भेद राखणारा लेखक आम्हांस विश्वासार्ह वाटतो.

इ. स. १३३० त पादुआ येथें त्यानें ही हकीकत तोंडानें सांगून लिहविली व पुढच्याच वर्षीं तो वारला. तिचा बराच मजकूर मॅन्डेविलच्या नांवावरील ग्रंथांत उचलला गेला, आणि कित्येक पिढ्या लोक मॅन्डेविलासच थोर प्रवासी समजत राहिले.