यंत्राच्या मुनीमाला मुखत्यारी किती द्यावी?

चॅटजीपीटीसारखे एआय सहाय्यक आता नुसत्या गप्पा मारण्यावर थांबलेले नाहीत. ते दुकानाचा भाव विचारतात, माल शिल्लक आहे का ते पाहतात आणि परवानगी असेल तर ऑर्डरही नोंदवतात. 'तुमच्या दुकानाला एआय जोडून देतो' असे म्हणणारा कोणी व्यापारी बांधवांकडे आला, तर पैसे मोजण्यापूर्वी हे जोडणे म्हणजे नेमके काय, ते समजून घेतले पाहिजे.

एआयला तुमच्या गोदामाची खबर नसते. त्याला आजचा भाव कळावा म्हणून दुकानाच्या संगणकाला एक खिडकी ठेवावी लागते. तिला एपीआय म्हणतात. खिडकीवर ठरावीक रीतीने विचारायचे, ठरावीक रीतीने उत्तर घ्यायचे; आत गल्ल्यापर्यंत कोणी यायचे नाही. ही खिडकी एआयला दाखवून देणारा दुवा म्हणजे प्लगइन.

ओपनएआय या अमेरिकन कंपनीने 23 मार्च 2023 रोजी असे प्लगइन जाहीर केले. पहिल्या यादीत प्रवासाची एक्सपीडिया, किराण्याची इन्स्टाकार्ट, दुकानदारीची शॉपिफाय अशा कंपन्या होत्या. एप्रिल 2024 मध्ये ती योजना गुंडाळली गेली व 'अ‍ॅक्शन्स' उरल्या. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' ही खुली पद्धत आणली आणि 2025 मध्ये ओपनएआयनेही ती स्वीकारली. दोन वर्षांत इतके फेरबदल! म्हणून खर्च खिडकी पक्की बांधण्यावर करावा. दुवा नंतर बदलता येतो.

प्लगइनसोबत खिडकीचे लेखी वर्णन द्यावे लागते : येथे काय विचारता येते, उत्तर कोणत्या स्वरूपात मिळते. हे वर्णन साध्या भाषेत असते आणि ते वाचूनच एआय कधी विचारायचे ते ठरवतो. खरी गोम येथेच आहे. समजा, मिरजेच्या एखाद्या सतार बनवणाऱ्या कारागिराने 'सतार : उपलब्ध' एवढेच लिहिले. एआय गिऱ्हाइकाला बेधडक सांगेल की माल तयार आहे. प्रत्यक्षात भोपळा अजून कापायचा आहे! आपल्याकडे नसलेला माल विकू नये ही शरीअतची मनाई आपणा सर्वांना ठाऊक आहे. मागणीवर वस्तू बनवून देण्याला हनफी फिकहमध्ये इस्तिस्ना म्हणून जागा आहे, पण त्यात वस्तूचे वर्णन स्पष्ट हवे. तेव्हा तयार नग किती, मागणीवर काय बनते, मुदत किती, बयाणा किती, हे रकाने वेगवेगळे ठेवावेत.

'यंत्र चुकले, आम्ही नाही' ही सबब चालत नाही. कॅनडात एअर कॅनडाच्या वेबसाइटवरील चॅटबॉटने एका प्रवाशाला घरच्या मृत्यूनिमित्तच्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. चॅटबॉट आपल्या बोलण्याला स्वतःच जबाबदार, अशा अर्थाचा बचाव कंपनीने केला. फेब्रुवारी 2024 मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने तो फेटाळून सुमारे 812 कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. आमच्या मते आपल्या फिकहच्या नजरेनेही हे पटण्यासारखे आहे. वकील नेमायचा तर तो अक्कल असलेला माणूस लागतो. यंत्र तसे नाही, म्हणून यंत्राने दिलेला शब्द मालकाच्याच माथी येतो.

मग मुखत्यारी किती? खिडकीवरच्या विनंत्या दोन जातीच्या : नुसते पाहण्याच्या आणि काही बदलण्याच्या. सुरुवातीचे काही महिने पहिलीच जात खुली ठेवावी. पुढे ऑर्डर घ्यायची झाल्यास गिऱ्हाइकाचा होकार घेतल्याशिवाय ती नोंदली जाऊ नये. चॅटजीपीटीच्या अ‍ॅक्शन्समध्ये 'ही क्रिया परिणाम करणारी आहे' अशी खूण करता येते. ती केली की दरवेळी विचारणा होते. भाव तोडण्याचा अधिकार यंत्राला मुळीच देऊ नये.

उधारीची वही तर खिडकीच्या आसपासही नको. ती लोकांची अमानत आहे. भीती काल्पनिक नाही. एखाद्या वेबपानावर लपवलेला मजकूर एआय हुकूम समजून पाळतो आणि दुसऱ्या प्लगइनमधून मालकाचे खासगी ईमेल वाचतो, हे 2023 मध्येच संशोधकांनी करून दाखवले. या फसवणुकीवर संपूर्ण इलाज अजून सापडलेला नाही. दारच मर्यादित ठेवणे एवढेच आपल्या हाती आहे.

सूरह बकराच्या 282 व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. यंत्राने कधी काय विचारले, खिडकीने काय उत्तर दिले, याचीही तारीखवार नोंद ठेवून घ्यावी. तक्रार आली तर तीच कामी येते.

जोडून देणाऱ्याला शेवटी दोन गोष्टी विचाराव्यात. खिडकीची किल्ली, म्हणजे एपीआयची गुप्त संख्या, कोणाकडे राहणार? आणि तुमचे-आमचे फिसकटले तर ती त्याच दिवशी रद्द कशी करायची? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर करारात लिहून मिळेपर्यंत बयाणा देऊ नये.