तळोज्याच्या हवेवरचं झाकण

डिसेंबर-जानेवारीत तळोज्यात पहाटे फिरायला निघणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे, जरा ऊन चढू द्या. रात्री जमीन झपाट्याने निवते, तिला टेकलेली हवा गार आणि जड होते, वर मात्र उबदार थर राहतो. एरवी तापलेली हवा वर जाताना धूर सोबत नेते. आता पातेल्यावर झाकण ठेवावं तशी ती वाट बंद होते. एमआयडीसीच्या चिमण्यांचा, मुंब्रा-पनवेल रस्त्यावरच्या कंटेनरांचा धूर जमिनीलगत साचतो. त्यातले २.५ मायक्रॉनहून बारीक कण नाकात अडत नाहीत, थेट फुप्फुसात खोलवर उतरतात. दमेकऱ्यांनी आणि हृदयरुग्णांनी तर थांबावंच.

अशा पहाटे धुक्यात गाडी चालवताना अपर लाइट नको. उजेड थेंबांवरून उलटा डोळ्यांवर येतो आणि कडेला उभा ट्रक दिसतच नाही.

मला खरी धास्ती वाटते ती घरात. बंद खोलीतली शेगडी, बाथरूममधला गॅस गिझर. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो. डोकं ठणकतं, मळमळतं, गुंगी येते. माणूस थकवा समजून पडून राहतो. तसं वाटलं तर आधी मोकळ्या हवेत या, मग १०८ ला फोन करा. गिझर बाथरूमबाहेर बसवून घ्या. आणि सोसायटीच्या वॉचमनकाकांना आवर्जून सांगा, शेकोटीतले विझत आलेले निखारेही केबिनमध्ये न्यायचे नाहीत. धूर थांबला तरी त्यांतून हा वायू निघतच असतो.