मशीनचे कपडे पाक होतात का?

यावरून सासू-सुनेचे बिनसलेले आम्ही किती तरी घरांत पाहतो. बाळाची लंगोटं आणि नमाजचे कपडे एकत्र पडले की अम्मींचा जीव कासावीस होतो. त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. हनफी फिकहनुसार न दिसणारी नजासत लागलेला कपडा तीनदा धुऊन दर वेळी पिळायचा असतो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये आपण तेच साबणपाणी दुसऱ्या घाण्यालाही वापरतो (टंचाईत दुसरे काय करणार?), तिथे शंका रास्तच. फुल्ली ऑटोमॅटिक मात्र पाणी सोडून, पिळून, पुन्हा नवे घेते. कोकणातल्या शाफई घरातून आलेल्या सुनेला तर नजासत गेल्यावर एकदा पाणी वाहिले तरी पुरते!

आम्ही सुचवू, लंगोटं आधी नळाखाली खळबळून पाक करावीत, मगच मशीनमध्ये टाकावीत. वाद मिटतो. पण खळबळायची कोणी, या प्रश्नावर पुरुषमंडळी गप्प. रसूलुल्लाह (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत, असे हजरत आयेशा (रजि.) सांगतात. बुखारीतली ही हदीस जुम्याच्या बयानात सगळे ऐकतात. बादली मोरीतच असते.