पावणेसोळा गुंठ्यांची डिश!

नारायणगाव म्हटलं की टोमॅटोचा बाजार, द्राक्षं आणि तमाशाचे फड. जुन्नर म्हटलं की शिवनेरी, आणि हल्ली बिबटे. पण जगातल्या कुठल्याही रेडिओ-खगोलशास्त्रज्ञाला विचारा, त्याच्या तोंडी या भागातलं पहिलं नाव येतं ते खोडदचं. तिथल्या जीएमआरटीचं, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपचं. आणि जीएमआरटी म्हटलं की ती उभारणारे गोविंद स्वरूप. या दुर्बिणीची आणि या माणसाची गोष्ट सुटी सांगताच येत नाही, म्हणून ही एकत्र मिसळ.

आधी गुंठ्यांचा हिशेब

खोडदची एक डिश 45 मीटर व्यासाची. क्षेत्रफळ काढलं तर सुमारे 1590 चौरस मीटर, म्हणजे पावणेसोळा गुंठे. अशा डिश 30. सगळ्या मिळून झाले पावणेबारा एकर! एवढं शिवार आकाशाकडे तोंड करून उभं आहे आणि हवं त्या दिशेला वळतंही.

बरं, ही डिश भरीव पत्र्याची नाही. तिच्यात आहे अवघ्या 0.55 मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी. मधोमध भोकं 10 मिलिमीटरची, कडेला 20 पर्यंत. रेडिओलहर 21 सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत लांब. तिच्या लेखी ही भोकं नसल्यातच जमा, तिला ही जाळी गुळगुळीत आरशासारखी वाटते. वारा मात्र आरपार निघून जातो. वाऱ्याचा दाब कमी, म्हणून सांगाडा हलका. सांगाडा हलका, म्हणून खर्च कमी. ताणलेल्या दोरखंडांवर जाळी बसवण्याच्या या तंत्राला नाव दिलं ‘स्मार्ट’. हा शब्द प्रत्येक फोनला चिकटण्याच्या कितीतरी आधी.

फुकट मिळालेल्या 32 थाळ्या

गोविंद स्वरूप यांचा जन्म 23 मार्च 1929 रोजी उत्तर प्रदेशातल्या ठाकुरद्वाऱ्यात झाला. अलाहाबाद विद्यापीठातून एमएस्सी केल्यावर ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत गेले. तिथले संचालक के. एस. कृष्णन 1952 मध्ये ऑस्ट्रेलियात एका परिषदेला गेले आणि रेडिओ-खगोलशास्त्र पाहून भारावून परतले. पुढच्याच वर्षी तरुण स्वरूप सिडनीत दाखल!

तिथल्या पॉट्स हिलला सूर्याकडे रोखलेल्या 32 छोट्या डिश होत्या, प्रत्येकी 1.8 मीटरची. ऑस्ट्रेलियन मंडळी त्या मोडीत काढणार होती. स्वरूप यांनी त्या भारतासाठी मागून घेतल्या! त्या इथे पोचायला मात्र वेळ लागला. तोवर स्वरूप अमेरिकेत पोचले होते. आधी टेक्सासला, तिथे त्यांनी सूर्याच्या रेडिओ-स्फोटांचा एक नवाच, इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा प्रकार सहकाऱ्याबरोबर नोंदवला. मग स्टॅनफर्डला, रोनाल्ड ब्रेसवेल यांच्याकडे पीएचडी.

मग त्या 32 थाळ्यांचं काय झालं? त्या लागल्या आपल्या कल्याणला! 1965 मध्ये मुंबईजवळच्या कल्याणात त्यांची दुर्बीण उभी राहिली आणि तिनं सूर्याच्या प्रभामंडळाचा अभ्यास केला. लोकलच्या गर्दीसाठी प्रसिद्ध असलेल्या कल्याणनं भारतीय रेडिओ-खगोलशास्त्राची पहिली पायरी बांधली, हे कल्याणकरांनी अभिमानानं सांगायला हवं.

चार जण, एक पत्र, एक तार

1961 मध्ये परदेशातल्या चार भारतीय खगोलशास्त्रज्ञांनी मायदेशातल्या संस्थांना कळवलं, की आम्ही चौघं परत येऊन रेडिओ-खगोलशास्त्राचा गट उभारायला तयार आहोत. चौघं म्हणजे स्वरूप, टी. कृष्णन, एम. आर. कुंडू आणि टी. के. मेनन. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून होमी भाभांची होकाराची तार जानेवारी 1962 मध्ये आली. 1963 मध्ये स्वरूप मुंबईत हजर झाले.

दुर्बिणीला साजेसा डोंगर

स्वरूप यांच्या उटीच्या दुर्बिणीची गोष्ट मला सगळ्यात आवडते. पृथ्वी फिरते, त्यामुळे आकाशातली वस्तू सरकत राहते आणि दुर्बिणीला तिच्या मागे फिरावं लागतं. दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर असेल तर एकाच दिशेनं फिरवून काम भागतं. पण 530 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद दुर्बीण तिरकी धरायची कशी? स्वरूप आणि सहकाऱ्यांनी डोंगरच तसा शोधला! उटीचा अक्षांश सुमारे 11 अंश. उत्तर-दक्षिण असा बरोबर 11 अंशांचा उतार त्यांनी नीलगिरीत हुडकला आणि त्यावर दुर्बीण आडवी टाकली. 1970 पासून ती काम करते आहे.

तिचं पहिलं मोठं काम चंद्राच्या मदतीनं चाललं. चंद्र दूरच्या रेडिओस्रोताला झाकतो, त्या क्षणी लहरी कशा मंदावतात यावरून स्रोताची जागा आणि आकार काढायचा.

आकडेवेड्यांसाठी: उटीच्या दुर्बिणीचं क्षेत्रफळ खोडदच्या दहा डिशांएवढं. म्हणजे खोडदला तीन उटी मावतात.

एका छपराखाली दोन विश्वं

आता जरा ब्रिटनला जाऊ. फ्रेड हॉयल हे केंब्रिजचे बहुरंगी खगोलशास्त्रज्ञ. ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्यं कशी शिजतात हे त्यांनी उलगडलं, ‘द ब्लॅक क्लाउड’ ही विज्ञान कादंबरी लिहिली. विश्व कायम होतं तसंच आहे, असं त्यांचं ठाम मत. विरोधी सिद्धान्ताचं ‘बिग बँग’ हे नाव मात्र 1949 मध्ये बीबीसीवर पहिल्यांदा वापरलं त्यांनीच!

या हॉयल यांचे शिष्य म्हणजे आपले जयंत नारळीकर. ते 1972 मध्ये टाटा संस्थेत आले. त्याच संस्थेत स्वरूप आणि विजय कपाही उटीच्या निरीक्षणांतून दाखवत होते, की दूरचं, म्हणजे जुनं विश्व आजच्यासारखं नव्हतं. ते बदलत आलं आहे. हॉयल-नारळीकरांच्या मताला हा सरळ छेद. एकाच संस्थेत विश्वाबद्दलची दोन परस्परविरोधी मतं नांदली आणि दोन्ही बाजूंनी उत्तम विज्ञान केलं. पुढे तर पुणे विद्यापीठाच्या आवारात दोघांच्या संस्था शेजारी-शेजारी उभ्या राहिल्या. नारळीकरांची आयुका, स्वरूप यांचं राष्ट्रीय रेडिओ-खगोलभौतिकी केंद्र. पुण्याच्या मातीला लाभलेलं हे मोठंच भाग्य.

खोडदच का?

जीएमआरटीची कल्पना 1984 ची. मीटरभर लांबीच्या लहरींकडे जगातल्या मोठ्या दुर्बिणींचं तेव्हा फारसं लक्ष नव्हतं, कारण मानवी गोंगाट या पट्ट्यात फार. स्वरूप यांनी हीच संधी धरली. जागा अशी हवी होती की शहरांचा रेडिओ-गोंगाट डोंगर अडवतील, विषुववृत्ताकडचा खवळलेला आयनांबर (वरच्या वातावरणाचा विद्युतभारित थर) थोडा लांब राहील, तरी दक्षिणेचं आकाशही दिसेल, आणि पुण्यासारखं शहर हाताशी असेल. या सगळ्या अटी खोडदनं पूर्ण केल्या.

या भागाला मोठी डिश तशी नवीन नव्हती. शेजारच्या आर्वीत 1971 मध्येच उपग्रह-संपर्काचं विक्रम भूकेंद्र सुरू झालं होतं.

30 पैकी 14 डिश मध्यभागी चौरस किलोमीटरभरात, उरलेल्या 16 तीन फाट्यांवर, पार 25 किलोमीटरपर्यंत, शेतांच्या मधोमध. सगळ्या ऑप्टिकल फायबरनं जोडलेल्या, म्हणजे एकत्र मिळून एकच प्रचंड दुर्बीण. गंमत अशी, की मधल्या डिशांचे क्रमांक सी-00 ते सी-14 आहेत, पण सी-07 नाहीच. पूर्वेच्या फाट्यावर ई-01 नाही, दक्षिणेला एस-05 नाही. तरी एकूण बरोबर 30 भरतात!

दुर्बिणीला लागणाऱ्या रेडिओ-शांततेची किंमत परिसर मोजतो, हे सांगायलाच हवं. पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग दुर्बिणीच्या हरकतीमुळे बदलायचं ठरलं, तेव्हा जुन्नर-आंबेगावात नाराजी उसळली. शेतमालाला आणि माणसांना रेल्वे हवी, ही मागणी रास्तच. दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही, हेही तितकंच खरं. दोन्ही साधेल असा तोडगा काढण्यासाठी जीव तोडून प्रयत्न व्हायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

खोडदनं काय काय ऐकलं

19 ऑक्टोबर 2016. युरोपचं शियापारेली यान मंगळावर उतरत होतं. कोट्यवधी किलोमीटरवरून येणारा त्याचा क्षीण आवाज खोडदमध्ये ऐकला जात होता, आणि ठरलेल्या वेळेआधी तो तुटला तेही इथेच कळलं. यान कोसळलं होतं.

2020 मध्ये भुजंगधारी तारकासमूहातल्या दीर्घिकासमूहात पूर्वी झालेल्या प्रचंड स्फोटाचा छडा लागला, त्यात इतर दुर्बिणींबरोबर जीएमआरटी होती. 2023 च्या जानेवारीत 880 कोटी वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची लहर इथे पकडली गेली. निघाली तेव्हा 21 सेंटिमीटरची, पोचेपर्यंत ताणून 48 ची! त्याच वर्षीच्या जूनमध्ये, विश्वभर घुमणाऱ्या अतिसंथ गुरुत्वलहरींचे पुरावे जगासमोर आले. त्यातही खोडदच्या निरीक्षणांचा वाटा होता.

आणि स्वतः स्वरूप?

1973 मध्ये पद्मश्री, 1991 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचं सदस्यत्व, 2005 मध्ये ब्रिटनचं हर्शेल पदक. हे पदक ज्यांच्या नावाचं, ते विल्यम हर्शेल पेशानं संगीतकार होते आणि 1781 मध्ये त्यांनी युरेनस शोधला. स्वरूप यांचं मनही एका विषयात मावत नव्हतं. प्रा. व्ही. जी. भिडे यांच्यासोबत त्यांनी पदवी आणि संशोधन एकत्र शिकवणाऱ्या विज्ञानसंस्थांची कल्पना मांडली; आज पुण्यात पाषाणला दिमाखात उभी असलेली आयसर त्याच धाग्यातली. निवृत्तीनंतरही ते काम करतच राहिले. 7 सप्टेंबर 2020 रोजी पुण्यात, वयाच्या 91 व्या वर्षी ते गेले.

राष्ट्रीय विज्ञान दिनाला खोडदला मोठं विज्ञान प्रदर्शन भरतं. गावोगावच्या शाळा आपापले प्रयोग घेऊन येतात आणि दुर्बीण सगळ्यांसाठी खुली असते. जायचं असेल तर तारीख 28 फेब्रुवारी, वाट नारायणगावहून, आणि आवारात मोबाइल बंद.