गुप्तरोग : शब्दाआडचे वास्तव

लैंगिक संबंधांतून एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या रोगांना मराठीत आजवर ‘गुप्तरोग’ असे म्हटले गेले आहे. आयुष्य शब्दांच्या सहवासात घालविलेल्या माणसाला या सामासिक शब्दापाशी थोडे थांबावेसे वाटते. क्षयाला, विषमज्वराला किंवा पटकीला आपण कधी गुप्त म्हटले नाही. येथे मात्र शरीराच्या ज्या भागी रोग होतो त्या भागाची लज्जा रोगाच्या नावाला चिकटली आणि रोग्याने मौन पाळावे ही अपेक्षाही नावातच रुजली. हे रोग मुळातच लपून राहण्यात वाकबगार. त्यांना आपण भाषेचा आडोसाही दिला.

नावांचा इतिहास मनोरंजक असला तरी निर्मळ नाही. १४९५ च्या सुमारास नेपल्सवरील स्वारीनंतर उपदंशाची, म्हणजे सिफिलिसची, साथ युरोपभर पसरली. इटलीतील लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणू लागले, फ्रेंच लोक नेपल्सचा, तर रशियात तो पोलंडचा ठरला. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवे घेतले. त्याच शतकात भावमिश्राने ‘भावप्रकाशा’त या रोगाचे वर्णन केले ते ‘फिरंग’ या नावाने. रोग नेहमी शेजाऱ्याचा, आपला कधीच नव्हे! बोलभाषेत पुढे त्याची ‘गरमी’ झाली आणि प्रमेहाचा ‘परमा’. ‘गरमी’ या शब्दाने आणखी एक घोटाळा केला. नावातच उष्णता असल्यामुळे ताक, सब्जा आणि थंड पथ्य यांनी ती उतरेल, अशी समजूत सहज होते. जिवाणूला ताकाचे भय नाही.

या जिवाणूची ओळख १९०५ मध्ये शाउडिन व हॉफमन या जर्मन शास्त्रज्ञांनी पटविली. संसर्गानंतर साधारणतः तीन आठवड्यांनी जननेंद्रियावर, कधी तोंडात किंवा गुदद्वारापाशी, एक व्रण उमटतो. तो बहुधा दुखत नाही, हीच त्यातली मेख आहे. स्त्रीच्या शरीरात तो आतल्या बाजूस असेल तर तिला त्याचा पत्ताही लागत नाही. काही आठवड्यांत तो, उपचार होवो वा न होवो, आपोआप भरून येतो. बसस्थानकांच्या भिंतींवर ‘खात्रीशीर इलाज’ अशा जाहिराती रंगविणाऱ्यांचे यश या आपोआप भरणाऱ्या व्रणावरच उभे आहे. व्रण भरला, पैसे घेतले गेले, रुग्ण समाधानाने घरी गेला. रोग मात्र त्याच्या रक्तात तसाच राहिला. पुढे अंगावर, विशेषतः तळहातांवर व तळपायांवर, पुरळ येते आणि तेही मावळते. मग वर्षानुवर्षे शांतता. काहींच्या बाबतीत त्या शांततेनंतर हृदय, महारोहिणी किंवा मेंदू यांवर घाला पडतो. गर्भवतीला हा रोग असेल तर मूल मृत जन्मते, किंवा जन्मतःच रोग घेऊन येते. आणि यावरचा उपाय? १९४३ पासून पेनिसिलिन या रोगावर वापरले जात आहे. रोग नवा असताना त्याच्या एका दीर्घप्रभावी मात्रेने तो बरा होतो. इतका विनाशकारी आणि तरीही इतका सुसाध्य रोग वैद्यकात विरळा.

परम्यात, म्हणजे गोनोरियात, पुरुषाला काही दिवसांतच लघवीची जळजळ व पू येणे ही लक्षणे दिसतात. स्त्रीला पुष्कळदा काहीच जाणवत नाही. संसर्ग आत चढत जातो आणि गर्भनलिका बंद होतात. पुढे मूल होत नाही म्हणून दोष पुन्हा तिच्याच माथी! अर्धवट घेतलेल्या औषधांमुळे हा जिवाणू प्रतिजैविकांना दाद देईनासा होत चालला आहे, हेही ध्यानात घ्यावे. यकृतदाह-ब हाही याच वाटेने येऊ शकतो आणि त्यावर लस आहे. एच.पी.व्ही. या विषाणूमुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो. त्याचीही लस आहे आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ती ९ ते १४ या वयात, संसर्गाचा संभव निर्माण होण्यापूर्वी, दिल्यास सर्वाधिक उपयोगी पडते. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या मुली-नातींच्या संदर्भात याचा जरूर विचार करावा.

लपविण्याप्रमाणे दंडुक्याचाही प्रयोग झालेला आहे. बेळगाव हे छावणीचे गाव. १८६४ च्या छावणी कायद्याने देशभरच्या लष्करी छावण्यांतील वेश्यांची नोंदणी व सक्तीची तपासणी सुरू झाली, आणि १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने ती शहरांतही आली. रोगी ठरलेल्या स्त्रीला ‘लॉक हॉस्पिटल’ या नावाच्या इस्पितळात डांबले जाई. तिच्याकडे येणाऱ्या गोऱ्या शिपायाला अशी शिक्षा नव्हती. स्त्रिया नोंदणी चुकवीत राहिल्या, रोग हटला नाही, आणि १८८८ मध्ये तो कायदा मागे घ्यावा लागला.

मराठीत या विषयाला उघड्यावर आणले ते रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हे पुस्तक त्यांनी लिहिले. रूढ शब्द त्यांनाही टाळता आला नाही. परंतु १९२७ मध्ये काढलेल्या मासिकाला त्यांनी नाव दिले ‘समाजस्वास्थ्य’. गुप्त या शब्दाला याहून समर्पक विरुद्धार्थी शब्द मला आढळलेला नाही. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी दंड झालाच.

त्याच १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात होते. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडण्याची प्रथा मराठी आणि कन्नड दोन्ही घरांत होती. कर्नाटकाने १९८२ मध्ये नवा कायदा करून तीस बंदी घातली. अशा अनेक मुली शहरांच्या वेश्यावस्त्यांत गेल्या. एड्सचे सावट आले तेव्हा समाजाचे बोट प्रथम त्यांच्याकडे वळले, मग महामार्गावरच्या ट्रकचालकांकडे. ‘फिरंग’ म्हणण्याचीच ही नवी तऱ्हा होय. वास्तविक उत्तर शोधले ते त्याच स्त्रियांनी. सांगलीत १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘संग्राम’ संस्थेच्या कामातून १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. या स्त्रिया स्वतः निरोध वाटीत, स्वतःच्या वस्तीत स्वतः माहिती सांगत. निपाणीतही हे काम पोचले. तेथे कार्यकर्त्या स्त्रियांना झालेल्या जाचाची नोंद ‘ह्यूमन राइट्स वॉच’च्या २००२ च्या अहवालात आहे. वस्तीत निरोधाचा आग्रह धरता येतो, कारण तेथे एकजूट असते. आपल्या माजघरातील विवाहितेला तो धरता येत नाही. तिच्या बाजूने बोलणारे कोणी नसते.

बचावाच्या गोष्टी तशा थोड्या आहेत. निरोधाचा नियमित व योग्य वापर. जोखीम वाटल्यास लक्षणांची वाट न पाहता रक्ततपासणी. आणि प्रत्येक गरोदरपणात एच.आय.व्ही. व उपदंश या दोहोंची चाचणी. सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे जोडीदाराचाही उपचार. एकट्याने औषध घेणे म्हणजे एका दाराला कडी घालून दुसरे दार सताड उघडे ठेवणे. शासकीय रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये लक्षणसमूहानुसार राखाडी, हिरव्या, पांढऱ्या अशा रंगांची औषधांची पाकिटे मिळतात. रुग्णाला रोगाचे नाव उच्चारावे लागत नाही. एच.आय.व्ही.वरील औषधे शासनातर्फे १ एप्रिल २००४ पासून विनामूल्य दिली जातात. ती नियमित घेऊन रक्तातील विषाणू तपासणीत आढळण्याइतकेही उरले नाहीत, तर शरीरसंबंधातून संसर्ग होत नाही. २०१७ च्या कायद्याने, जो सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला, रुग्णाची माहिती त्याच्या संमतीवाचून उघड करण्यास व त्याला नोकरी वा शिक्षण नाकारण्यास मनाई केली आहे.

आता शाळेपुरते एक. २००५ च्या सुमारास केंद्र शासनाने किशोरवयीनांसाठी शिक्षणक्रम आखला. त्यात या रोगांपासून बचावाचा भाग होता. २००७ मध्ये ज्या राज्यांनी तो अश्लील ठरवून रोखला त्यांत महाराष्ट्र होता आणि कर्नाटकही. सीमेच्या प्रश्नावर ज्यांचे कधी जमले नाही त्यांचे या एका बाबतीत चटकन जमले! येथील शिक्षकांना दोन्हीकडून एकच उत्तर मिळाले. नववी-दहावीच्या मुलामुलींना शरीरशास्त्राचा हा भाग समजेल अशा भाषेत, आणि त्यांच्या घरच्या भाषेत, सांगण्याचे काम आजही कोणीतरी हाती घ्यावयाचे आहे. ‘लैंगिक संक्रमणजन्य रोग’ ही संज्ञा जडजंबाल आहे हे मला मान्य आहे. परंतु वर्गात फळ्यावर ती लिहिता येते.