कोंबडीचं पोट बिघडलं तर?

ब्रिटनमध्ये अनेक कुटुंबं घरामागे दोन-तीन कोंबड्या पाळतात. घरामागच्या मोकळ्या जागेला मराठीत ‘परस’ म्हणतात. म्हणून या झाल्या परसातल्या कोंबड्या.

समजा, आज सकाळी तुम्ही खुराड्याचं दार उघडलं. बाकीच्या कोंबड्या धावत बाहेर आल्या. एक मात्र कोपऱ्यात उभी आहे. पिसं फुगवलेली, शेपटी खाली, डोळे अर्धे मिटलेले. आता काय करायचं?

पहिली गोष्ट म्हणजे, ‘उद्या बघू’ म्हणू नका. अशक्त पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत लगेच येतो, म्हणून कोंबडी आपलं दुखणं लपवते. ती आजारी दिसू लागते, तेव्हा आजार बऱ्याचदा वाढलेला असतो. मराठीत एक म्हण आहे: ‘कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.’ खरी गोष्ट झाकली तरी ती बाहेर येतेच. आजाराचंही तसंच आहे.

अन्न कुठून कुठे जातं?

कोंबडीला दात नसतात. ती दाणे तसेच गिळते. ते आधी गळ्याखालच्या एका पिशवीत जमतात. या पिशवीला ‘अन्नपुट’ म्हणतात. तिथे दाणे भिजून मऊ होतात. मग ते ‘पेषणी’त जातात. पेषणी म्हणजे जणू कोंबडीचं जातं! कोंबडीने गिळलेले बारीक खडे तिथे दाणे दळतात. म्हणून कोंबडीला खडे मिळालेच पाहिजेत.

पिशवी तपासा

रात्री झोपताना अन्नपुट भरलेलं असतं. सकाळी ते रिकामं असायला हवं. म्हणून सकाळी, काही खायला देण्याआधी, छातीच्या वरच्या बाजूला हळूच हात लावून बघा.

पिशवी चेंडूसारखी कडक लागली, तर अन्न अडकलेलं असू शकतं. लांब गवत किंवा पेंढा खाल्ल्यावर असं होतं. पिशवी पाण्याच्या फुग्यासारखी मऊ लागली आणि चोचीला आंबट वास आला, तर आत बुरशी वाढलेली असू शकते.

दोन्ही वेळा कोंबडीला वेगळं, उबदार जागी ठेवा. पाणी द्या. मग प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन करा. काही लोक कोंबडीला उलटं धरून पिशवी रिकामी करतात. तुम्ही असं मुळीच करू नका. आतलं पाणी श्वासनलिकेत गेलं, तर कोंबडी गुदमरून मरू शकते.

विष्ठा काय सांगते?

विष्ठा म्हणजे शी. वाचायला घाण वाटेल, पण डॉक्टर सगळ्यात आधी हेच विचारतात! निरोगी कोंबडीची विष्ठा तपकिरी असते आणि तिच्यावर पांढरा थर असतो. तो पांढरा भाग म्हणजे तिची लघवी. दिवसातून काही वेळा विष्ठा चिकट आणि खूप वासाची असते. तेही नॉर्मलच आहे.

विष्ठेत रक्त दिसलं, तर ‘कॉक्सिडिओसिस’ हा आतड्यांचा रोग असू शकतो. तो बहुतेक वेळा लहान पिल्लांना होतो आणि ओल्या, घाणेरड्या जागेत लवकर पसरतो. औषध डॉक्टरच देतात. तुमचं काम म्हणजे खुराडं कोरडं ठेवणं.

कोंबडी बारीक होत चालली, तुरा फिका पडला, तर पोटात जंत असू शकतात. विष्ठेचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला की ते कळतं. जंतांसाठी फ्लुबेंडाझोल नावाचं औषध खाद्यात मिसळून ७ दिवस देतात.

माणसांची औषधं कोंबडीला देऊ नका. कोणतंही औषध चालू असेल, तर ‘अंडी खायची का?’ हे डॉक्टरांना विचारा.

कायदा काय म्हणतो?

गावाकडे आजी उरलेला भात, भाकरीचे तुकडे कोंबड्यांना टाकते. ब्रिटनमध्ये मात्र स्वयंपाकघरातलं उरलेलं अन्न कोंबड्यांना देणं बेकायदेशीर आहे. अगदी भाजीची सालंसुद्धा! फक्त पूर्णपणे व्हीगन घराला सूट आहे. २००१ साली इथे जनावरांमध्ये लाळ्या-खुरकूत रोगाची मोठी साथ आली. डुकरांना नीट न उकळलेलं खरकटं दिल्यामुळे ती सुरू झाली, असं तपासात दिसलं. लाखो जनावरं मारावी लागली. त्यानंतर नियम कडक झाले. बागेतून थेट आणलेला पाला मात्र चालतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून एकच कोंबडी असली तरी तिची नोंदणी करावी लागते. हे बर्ड फ्लूसाठी आहे. एकदम कोंबड्या मरू लागल्या, डोकं सुजलं, श्वास घेताना त्रास झाला, तर त्यांना कुठेही नेऊ नका. एपीएचए या सरकारी संस्थेला लगेच फोन करा.

शेवटी एक गोष्ट

सगळेच डॉक्टर कोंबड्यांवर उपचार करत नाहीत. म्हणून कोंबडी धडधाकट असतानाच जवळचा डॉक्टर शोधून ठेवा. कधी कधी वेळेवर उपचार करूनही कोंबडी वाचत नाही. तेव्हा तिला त्रास न होता जाऊ देणं, हीसुद्धा काळजीच असते. आणि हो, कोंबडीला हात लावल्यावर साबणाने हात धुवा!

शब्दार्थ
खुराडं – कोंबड्यांचं घर
जातं – धान्य दळायचं दगडी साधन
तुरा – कोंबडीच्या डोक्यावरचा लाल भाग
खरकटं – जेवून उरलेलं अन्न

सांगा पाहू
१. अन्नपुट सकाळीच का तपासायचं?
२. कोंबडीला उलटं का धरू नये?
३. तुमच्या आजी-आजोबांना विचारा: त्यांच्या लहानपणी घरी कोंबड्या होत्या का? त्या आजारी पडल्या की काय करायचे?