स्पोर्ट्स कार दणके का देते आणि उड्या का मारते?

बुटकी, रुंद टायरची स्पोर्ट्स कार रस्त्यावरून गेली की आपण वेग विचारतो, किंमत विचारतो. आत बसलेल्याच्या पाठीचं काय होतं, हे मात्र कोणी विचारत नाही! अशा गाड्यांच्या मालकांची एक तक्रार जगभर सारखीच असते : "गाडी फार आदळते."

पण "आदळते" या एका शब्दात दोन वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात.

दणके : रस्त्यावरची बारीक भेग, खडी, पॅच, सगळं थेट अंगाला जाणवतं.
उड्या : उंचवटा मागे गेला तरी गाडी वरखाली होतच राहते.

दोन्हींची कारणं वेगळी, म्हणून उपायही वेगळे. हे न ओळखता खर्च केला तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते. आणि हा नुसता आरामाचा प्रश्न नाही. टायर रस्त्याला टेकलेला असेल तरच ब्रेक लागतो आणि गाडी वळते. उडणारा टायर हवेत असतो, तेवढा वेळ गाडी आपल्या ताब्यात नसते.

१) चार भागांची ओळख

टायर : रस्त्याचा पहिला धक्का झेलणारी हवेची उशी.
स्प्रिंग : गाडीचं वजन तोलते. खड्डा आला की दबते, मग परत उसळते.
शॉकअप : स्प्रिंगची उसळी थांबवतो. आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते.
बंप स्टॉप : चाक वर जाण्याची जागा संपली की शेवटी आडवा येणारा रबरासारखा ठोकळा.

करून बघा : तीन-चार रबरबँड एकमेकांत अडकवा आणि खाली एक दगड बांधा. दगड थोडा खाली ओढून सोडा. किती वेळा वरखाली होतो ते मोजा. आता तोच दगड बादलीतल्या पाण्यात बुडेल असा धरा आणि पुन्हा ओढून सोडा. या वेळी तो लवकर थांबेल. रबरबँड म्हणजे स्प्रिंग आणि पाणी म्हणजे शॉकअपमधलं तेल. शॉकअप संपला की गाडीचं काय होतं, ते पाण्याबाहेरचा दगड दाखवतो.

२) मुद्दाम कडक का बनवतात?

मऊ स्प्रिंगची गाडी वळणावर एका बाजूला कलते आणि ब्रेक दाबला की नाक खाली घालते. स्पोर्ट्स कारला हे चालत नाही, म्हणून तिची स्प्रिंग कडक ठेवतात. साधारण प्रवासी गाडी आपल्या स्प्रिंगवर सेकंदाला १ ते १.५ वेळा झुलते, तर स्पोर्ट्स कार १.५ ते २ वेळा. आकडे जवळचे वाटतात, पण फरक मोठा आहे. सेकंदाला एकदा झुलणारी स्प्रिंग गाडीच्या वजनाने सुमारे २५ सेंटीमीटर दबलेली असते. सेकंदाला दोनदा झुलणारी फक्त ६ सेंटीमीटर! म्हणजे धक्का झेलायला मुळातच कमी जागा.

कडक म्हणजे वाईट, असं मात्र नाही. याचं चांगलं उदाहरण जपानच्या माझदा कंपनीची एमएक्स-५ ही दोन आसनी गाडी. ती १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात आली. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, तशी गाडी आणि चालक एक व्हावेत, ही तिच्यामागची कल्पना होती. त्यासाठी कंपनीने नुसत्या कडक स्प्रिंगवर भर न देता गाडीचं वजनच कमी ठेवलं, हजार किलोच्याही आत. गाडी हलकी असली की कलणं आटोक्यात ठेवायला स्प्रिंग फार कडक करावी लागत नाही.

३) दणके बसत असतील तर

आधी टायर बघा, कारण हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

हवा : पहिल्या एमएक्स-५ ला कंपनीने सांगितलेली हवा आहे फक्त २६ पीएसआय. आपल्याकडे हवा भरताना "किती भरू?" म्हटलं की बरेच जण सवयीने "पस्तीस" म्हणतात. एवढ्या हलक्या गाडीत पस्तीस भरली तर टायर दगडासारखा वागणार! दाराच्या चौकटीवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेली हवाच भरावी, आणि टायर थंड असताना मोजावी. मऊ लागावी म्हणून त्याहून कमी करू नये. टायर तापतो आणि खड्ड्यात रिम वाकते.

टायरची उंची : टायरवर १८५/६५ आर १५ असं लिहिलेलं असतं. म्हणजे रुंदी १८५ मिलीमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंची. मारुती स्विफ्टला हा टायर येतो. गुणाकार केला तर उंची १२० मिलीमीटर. १९८९ च्या एमएक्स-५ ला १८५/६० आर १४, म्हणजे १११ मिलीमीटर. नव्या एमएक्स-५ च्या १७ इंची रिमवर २०५/४५, म्हणजे फक्त ९२ मिलीमीटर! रिम मोठी झाली की हवेची उशी पातळ होते. दिसायला छान, पण पाठीला त्रास. ब्रेक आत बसत असतील आणि कंपनीने त्या गाडीला मान्य केलेला आकार असेल, तर एक इंच लहान रिम घेणं हा चांगला उपाय आहे.

टायरचं वय : स्पोर्ट्स कार फारशी चालवली जात नाही, त्यामुळे नक्षी शाबूत असते, पण रबर कडक होऊन जातं. टायरच्या बाजूवरचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. टायर जुना असेल तर नक्षी बघून फसू नका.

४) गाडी उड्या मारत असेल तर

इथे पहिला संशय शॉकअपवर घ्यायचा. त्याच्या अंगावर तेल ओघळलेलं आहे का? टायरची झीज खड्डे-खड्डे पडल्यासारखी आहे का? गाडीचा एक कोपरा दाबून सोडला तर तो वर येऊन लगेच थांबायला हवा. झोके घेत राहिला तर शॉकअप गेला. स्पोर्ट्स कार हाताने फारशी दबत नाही, म्हणून या एकाच चाचणीवर विसंबू नये. शॉकअप बदलताना पुढची किंवा मागची जोडी एकदम बदलतात, नाहीतर दोन बाजू वेगळ्या वागतात.

शॉकअप नवे असूनही गाडी घोड्यासारखी पुढेमागे झुलत असेल, तर पुढची आणि मागची स्प्रिंग जुळत नाही असं समजावं. उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो, मग मागच्या. मागची बाजू जरा जलद झुलणारी ठेवली की ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी समतोल राहते. मॉरिस ऑली या अभियंत्याने १९३० च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये हे सूत्र मांडलं. म्हणून फक्त पुढच्या स्प्रिंग कडक करून घेणं महागात पडतं.

५) दोन्ही त्रास एकदम : बुटकी केलेली गाडी

गाडी आणखी खाली दिसावी म्हणून काही जण स्प्रिंग कापतात. आता गणित बघा. ८ वेढ्यांच्या स्प्रिंगचे २ वेढे कापले तर ती मऊ होत नाही, उलट ८ भागिले ६, म्हणजे सुमारे एक तृतीयांश जास्त कडक होते. शिवाय कापलेलं टोक आपल्या जागी नीट बसत नाही, ते निसटण्याचा धोका असतो.

जुन्या एमएक्स-५ मध्ये चाक वर जायला मुळातच जागा कमी. ती गाडी ३-४ सेंटीमीटर खाली आणली की चाक लहानशा उंचवट्यालाही बंप स्टॉपवर आदळतं आणि तिथून उसळी घेतं. मालकाला वाटतं शॉकअप खराब आहे. तो महागडे शॉकअप घालतो, त्रास तसाच! खरा उपाय म्हणजे गाडी पुन्हा मूळ उंचीवर आणणं.

६) चालवताना

खड्ड्याच्या आधी वेग कमी करा, पण चाक खड्ड्यात जाताना ब्रेक सोडा. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं वजन पुढे येतं, पुढची स्प्रिंग आधीच दबलेली असते आणि धक्का झेलायला जागा उरत नाही.

थोडक्यात

तपासण्याचा क्रम लक्षात ठेवा : हवा, टायर, शॉकअप, गाडीची उंची आणि सगळ्यात शेवटी नवीन स्प्रिंग. स्वस्तापासून महागाकडे जायचं. कंपनीने कडक बनवलेली गाडी पूर्ण मऊ होणार नाही, तो तिचा स्वभाव आहे. पण कडक गाडीचा टायरसुद्धा रस्त्याला धरून राहायला हवा. तो उडत असेल तर तो आजार आहे आणि त्यावर इलाज आहे.

विचार करा

१) घरातल्या किंवा शेजारच्या गाडीच्या टायरवरचे आकडे वाचा आणि टायरची उंची काढा.
२) बैलगाडीला स्प्रिंग नसते, तरी ती चालते. तीच गाडी ताशी ६० किलोमीटरने पळवली तर काय होईल?
३) रिकामा ट्रक भरलेल्या ट्रकपेक्षा जास्त का उडतो? (सूचना : स्प्रिंग तीच, वजन वेगळं.)